कापडाची मागची बाजू

प्रेसघराच्या दर्शनी भिंतीत दाराच्या डाव्या हाताला विटांचे एकशे बारा थर होते आणि उजव्या हाताला एकशे अकरा. मृणालनं ते तीनदा मोजले, वहीत लिहून घेतले आणि कापडावर उजवीकडे एक थर कमी शिवला. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, कोण मोजायला बसलंय. मृणाल त्यातली नव्हती. सौंसरच्या एका मास्तरांची ती लेक, आणि बापाचा काटेकोरपणा तिनं पुरेपूर उचलला होता.

पांढुर्ण्यात रुळांच्या पलीकडे हे जुनं जिनिंग होतं. सरकी काढायचं जिनघर, रुईच्या गाठी बांधायचं प्रेसघर, दोन गोदामं, विटांचं उंच धुराडं, आणि या सगळ्यांकडे तोंड करून बसलेला मॅनेजरचा बंगला. कारखाना बंद पडून पस्तीस वर्षं होऊन गेली होती. मृणाल, तिचा नवरा श्रीकांत आणि नऊ वर्षांची उर्वशी दीड वर्षापासून त्या बंगल्यात भाड्यानं राहत होती. श्रीकांत सौंसरच्या कॉलेजात शिकवायचा. सकाळी गेला की दिवेलागणीलाच उगवायचा. मृणाल कापडावर चित्रं शिवायची, तीही इमारतींची, आणि तिच्या कामाला भोपाळ-नागपूरकडे बऱ्यापैकी नाव होतं.

बंगल्याचं दार उत्तरेला होतं. त्यावर बाराही महिने ऊन येत नसे. आधीच्या भाडेकरूंनी त्यासाठीच नाकं मुरडली होती, आणि मृणालनं त्यासाठीच घर घेतलं, कारण दोऱ्याचा रंग ओळखायला उत्तरेचा उजेड लागतो. बाहेर पडायला तेवढं एकच दार. मागचं मालकांनी विटांनी बुजवून टाकलं होतं आणि खिडक्यांना बोटाएवढे जाड गज होते. दाराच्या चौकटीला बाहेरून दोन लोखंडी आकडे होते, त्यातल्या एकाला ती कपडे वाळवायच्या दोरीचं टोक बांधायची. घरात शिरली तेव्हा तिला एका खिळ्याला वीतभर लांबीची एक किल्ली लटकलेली सापडली होती. कशाची ते मालकांनाही ठाऊक नव्हतं. कापड सरकू नये म्हणून मृणाल ती वर ठेवायला वापरायची.

प्रेसघराच्या दाराचा लोखंडी अडसर अजून तिथंच गवतात पडला होता. उर्वशी त्यावरून तोल सांभाळत चालायची. एकदा ती आणि शेजारची हिमानी तो उचलायला गेल्या, अर्ध्यात हातातून सुटला, आणि दगडावर आपटून जो काही आवाज झाला त्यानं गोदामातली सगळी कबुतरं उडाली.

संक्रांतीनंतर हे सारं पाडलं जाणार होतं. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावात मोकळी जागा म्हणून शोधून सापडत नव्हती. पडण्याआधी सगळं आवार जसंच्या तसं कापडावर उतरवायचं मृणालनं मनाशी ठरवलं होतं. आठ फूट लांब, पाच फूट रुंद मांजरपाट. मालकांकडून मिळालेला एक जुना फोटो, मोजमापाची वही, आणि दिवाळीच्या आधीपासून रोज सहा-सात तास. फोटोत होतं तेच शिवायचं. फोटोत सगळी दारं बंद होती, प्रेसघराच्या दारावर अडसर होता, म्हणून तिनंही दारं बंद शिवली आणि अडसर तपकिरी दुहेरी दोऱ्यानं घातला.

संध्याकाळी काम आवरताना ती कापड उलटून बघायची. तिच्या कापडाची मागची बाजू इतकी स्वच्छ असे, की प्रदर्शनात बायका मुद्दाम कोपरा उचलून बघायच्या. गाठ म्हणून नाही, लोंबता दोरा नाही. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

विटांचे थर भरायला तिनं सावरगावच्या अंबाबाईंना बोलावलं. नदीपलीकडच्या या बाईनं जन्मभर गोधड्या शिवल्या होत्या. पंचाहत्तरी गाठली तरी धावदोरा असा सरळ, की वाटावं पट्टी लावून घातलाय. सुई मात्र त्यांना ओवता येत नसे. उर्वशी शाळेत जाताना वीस सुया ओवून पिनकुशनला टोचून ठेवायची. तेवढ्यांवर अंबाबाईंची दुपार निघायची.

पहिल्या दिवशी अंबाबाईंनी चष्मा नाकावर ढकलून कापड नीट न्याहाळलं. धुराडं बघून त्या हसल्या. मग त्यांचं बोट प्रेसघरावर येऊन थांबलं.

"दार काहून लावलं, बाई?"

"फोटोत तसंच आहे न."

"फोटोत असू दे. गोधडीत घर काढलं तं दार उघडं ठेवा लागते. आंदर कोन हाये, आपल्याले का मालूम?"

मृणाल हसली. असे नेम तिनं पुष्कळ ऐकले होते, वहीत टिपूनही ठेवले होते. तिनं हाही टिपला. दार उघडलं नाही.

अंबाबाई धुराड्याच्या बाजूला जाऊन बसल्या आणि प्रेसघराला त्यांनी शेवटपर्यंत सुई लावली नाही.

पहिली गाठ कार्तिकातल्या एका सोमवारी दिसली. कापड उलटं केलं तर प्रेसघराच्या दाराच्या बरोबर मागे, जोंधळ्याच्या दाण्याएवढी. दोरा मृणालच्या पेटीतला नव्हता. जाडंभरडं, न रंगवलेलं, हातानं पिळल्यासारखं कच्चं सूत. तिनं समोरून पाहिलं. समोर टाक्याचा मागमूस नव्हता. सुई मागून आत गेली आणि मागूनच बाहेर आली, असंच म्हणायचं.

"अंबाबाई, हे तुम्ही घातलं का?"

"मी तिकडं हातच लावला नाई."

मृणालनं गाठ कापून टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं दोन होत्या. आता त्यांना खाली दोन-दोन टाक्यांचं अंग फुटलं होतं, माणसाचं काढतात तसं. मृणाल घाबरली असं लगेच म्हणता येणार नाही. आधी ती चिडली. आपल्या कापडाच्या मागच्या बाजूला कुणी हात लावावा, हेच तिला सहन होईना.

श्रीकांतला दाखवलं. तो जेवता जेवता म्हणाला, "तूच घालून राहिली असशील. दिवसभर तेच करते, ध्यान नसते तुझं."

"आणि हा दोरा कुठून आणला मी?"

"जिनिंगात राहतो आपण. इथं सूत सापडणार नाही तर काय संत्री सापडतील?"

मृणालनं तिच्या स्वभावाप्रमाणे तपासणी मांडली. रोज सकाळी मागच्या बाजूचा फोटो काढायचा. दुपारी एकला कापड घडी करून लोखंडी पेटीत ठेवायचं, कुलूप लावून किल्ली कमरेला. तीनला उघडायचं. बुधवारी चार निघाल्या, गुरुवारी सहा. सकाळच्या फोटोत आणि दुपारच्या कापडात दरवेळी फरक. शुक्रवारी ती पेटीजवळच बसून राहिली. अडीचच्या सुमारास पेटीतून आवाज आला. मोठा नाही. ओलं कापड दगडावर आपटावं तसा बोदा, दमानं, पुन्हा पुन्हा. पाचेक मिनिटं चालला आणि थांबला. पेटी उघडली तेव्हा करपलेल्या कापसाचा वास आला. कापडाला कुठं डाग नव्हता. मागच्या बाजूला नऊ झाल्या होत्या, दाराला चिकटून, एकीवर एक.

त्यानंतरच्या सोमवारी अकरा होत्या. 

त्यातल्या एकीचा हात वर होता.

मृणालनं अंबाबाईंना कापड उलटून दाखवलं. म्हातारीनं चष्मा काढला. तो आकडा त्यांना बोटांनीच कळला. एकेका गाठीवरून बोट फिरवत त्या अकरापर्यंत गेल्या आणि वर हात केलेल्या गाठीवर थबकल्या.

"हे जयवंता," त्या म्हणाल्या. "माही मोठी बहीन. सोळाची होती."

मग त्या सांगत गेल्या, कापडाकडे न बघता. त्या सात वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. कपाशीचे दिवस. बाया ओच्यात रुई लपवून नेतात म्हणून कामाची पाळी सुरू झाली की प्रेसघराला बाहेरून अडसर लावून कुलूप घालत. किल्ली साहेबापाशी, या बंगल्यात. एका दुपारी आत ठिणगी पडली. अंबाबाईंचे वडील वजनकाट्यावर कामाला होते. ते धावत बंगल्यावर आले.

"साहेब जेवून निजला होता. बाप दार ठोकत राह्यला. किल्ली द्या म्हने, साहेब, किल्ली द्या. इकडं बाप ठोके, तिकडं बाया ठोकत. मी बापाची भाकर घेऊन आंगनात हुभी. दोन्हीकडलं आइकू ये मले."

"आणि साहेबानं?"

"नाई उघडलं. निजला होता का धूर पाहून भेला होता, देवाले ठाऊक. त्याचेबी लेकरं होते घरात." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मंग तिकडलं ठोकनं बंद झालं."

 स्टेशनाकडून मालगाडी जात होती, तिचे डबे संपता संपत नव्हते.

"दार उघड, बाई," अंबाबाई म्हणाल्या. "तुह्या हातानं लागलं, तुह्याच हातानं उघडन."

मृणालनं कात्रीचं टोक घेतलं आणि अडसर उसवायला बसली. दुहेरी दोरा, बावीस टाके. ते निघाल्यावर दाराची फळी उसवली आणि तिथं काळा उघडा चौकोन ठेवला. उसवलेला दोरा फेकायचा नाही ही तिची रीत. तपकिरी दोरा तिनं बोटाला गुंडाळून बटणांच्या डबीत टाकला. उसवलेल्या दोऱ्याला टाक्यांच्या वळ्या राहतात, तो पुन्हा सरळ होत नाही. मग कापड उलटं केलं.

मागं काही नव्हतं. स्वच्छ, कोरा मांजरपाट.

अंबाबाई ढसाढसा रडल्या. मृणालच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला खरोखर बरं वाटलं, आपल्या हातून एक चांगली गोष्ट झाली असं. तिनं म्हातारीला चहा करून दिला. निघताना अंबाबाई दारात वळल्या.

"आता एक आइक. दुपारी कोनी दार ठोकलं तं उघडजो. किल्ली मांगतीन. देऊन देजो. त्यायले दुसरं काई नाई पायजे."

"देईन," मृणाल म्हणाली.

"वचन दे."

"दिलं, अंबाबाई."

मंगळवारी उर्वशीची शाळा लवकर सुटली. सकाळी घाई झाली होती म्हणून तिची एकच वेणी घातलेली होती. जेवून ती जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. अंबाबाई आल्या नव्हत्या. मृणालनं टेबलावर कापड पसरलं, वर किल्ली ठेवली आणि गोदामाचं छप्पर शिवायला घेतलं. दोन वाजले होते.

थोड्या वेळानं तिची नजर प्रेसघराकडे गेली. उघड्या दाराच्या बाहेर, आवारात, अकरा गाठी होत्या. या खेपेला कापडाच्या समोरच्या बाजूला. तेच कच्चं सूत.

तिनं सुई खाली ठेवली. बाहेर आल्या, एवढंच तिच्या मनात आलं. बरं झालं, बाहेर आल्या.

ती पाणी प्यायला उठली. परत आली तेव्हा त्या आवाराच्या मध्यावर होत्या.

तिनं त्यांच्यावरून नजर हलवली नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं. काही हललं नाही. बाहेर एक कबूतर फडफडलं, तिनं मान वळवली, आणि पुन्हा पाहिलं तर अकराही जणी बंगल्याच्या दारापाशी होत्या. बंगल्याचं दार. ते तिनं फोटोत होतं तसं बंद शिवलं होतं, आणि काल प्रेसघराचं उसवताना हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मृणालनं कापडाचा कोपरा उचलून मागं बघितलं. बंगल्याच्या दारामागे दोन गाठी होत्या. एक मोठी, एक लहान. लहानीला पाठीवर एकच वेणी होती.

अडीच वाजले होते. दारावर थाप पडली.

"आई, कुणीतरी आलं," उर्वशी म्हणाली.

पुन्हा थाप. दमानं, बोदी. मग बाईचा आवाज, शेजारणीनं विरजण मागावं इतका साधा.

"बाई, किल्ली देता का?"

उर्वशी उठली आणि तिनं टेबलावरची किल्ली उचलली. "ही मागून राहिल्या का? देऊन येऊ?"

मृणालनं तिच्या हातातून किल्ली घेतली. वचन तिला आठवत होतं. ती दाराकडे निघाली, दोन पावलं गेली, कडीपर्यंत हातही नेला. तेवढ्यात तिला दाराखालची फट दिसली. बाहेर कुणी उभं असेल तर तिथं पावलांची सावली पडते. फटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता उजेड होता.

"बाई, किल्ली."

तिचा हात खाली आला.

तिनं उर्वशीला ओढलं, कोपऱ्यात जाऊन बसली आणि पोरीच्या तोंडावर हात दाबून धरला. ती भ्याली होती. सगळं शिक्षण, सगळा काटेकोरपणा त्या क्षणी कुठल्या कुठं गेला. माझी पोर घरात आहे, एवढं एकच तिला कळत होतं. अकरा जणींचं ऐकून रडलेली बाई ती, आणि आता दातांवर दात दाबून वाट बघत होती, की यांनी ठोकणं थांबवावं.

त्या ठोकत राहिल्या. आधी एक हात, मग पुष्कळ. किल्ली तिच्या मुठीत रुतली होती.

मग थांबलं.

मृणालनं शंभरपर्यंत मोजलं. पुन्हा शंभर. उर्वशीच्या तोंडावरचा हात तिनं सैल केला.

"गेल्या?" उर्वशीनं कुजबुजत विचारलं.

"गेल्या."

बाहेर लोखंडावर लोखंड आदळलं. गोदामातली कबुतरं उडाली. उर्वशीनं आईकडे पाहिलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. पाठोपाठ दुसरा आला, अगदी बारीक. कुलूप दाबून लावल्याचा.

मृणाल टेबलापाशी गेली. बंगल्याच्या दारावर, त्या दोन आकड्यांत बसवल्यासारखा, अडसर शिवलेला होता. तपकिरी दुहेरी दोरा. बावीस टाके. दोऱ्याला जुन्या टाक्यांच्या वळ्या होत्या.

बटणांची डबी तिनं उघडली नाही.

"आई, आपलं दार बाहेरून लावलं का कुणी?"

 मृणाल दाराशी गेली, किल्ली या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा तळहात फळीवर टेकवला. कार्तिक संपत आला होता, दाराला कधी ऊन लागत नव्हतं.

लाकूड गरम होतं.